विसरलेली शीळ

दिवाळीच्या आधीचा आठवडा घरातल्या पुरुषांनी शक्यतो घराबाहेर काढावा, असे माझे जुने मत आहे. स्वयंपाकघरात भाजणीचा खमंग वास, कढईत तापलेले तेल आणि बायकांची घाई. अशा वेळी आपण मध्ये गेलो तर 'सरका', 'हात लावू नका' आणि 'तेवढा वरचा डबा काढून द्या' या तीन वाक्यांपलीकडे आपल्याशी कोणी बोलत नाही. पण परवा मी गेलो, आणि तिसऱ्या वाक्यात अडकलो. माझी नात ओट्याशी उभी राहून चकल्या पाडीत होती. तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकून उभा होता आणि त्यातून एकामागून एक इंग्रजी गाणी चालली होती. मी फळीवरचे डबे काढीत होतो. गाण्यांकडे माझे लक्ष नव्हते.

इतक्यात नातीचा हात थांबला.

"आजोबा, तुम्ही शीळ घालताय?"

मी दचकलो. खरेच मी शीळ घालीत होतो. फोनमधले गाणे संपत आले होते, गाणारा शब्द सोडून नुसती शीळ घालू लागला होता, आणि मी हातात मुरमुऱ्यांचा डबा घेऊन त्याच्या बरोबरीने चाललो होतो. एक सूर इकडे नाही की तिकडे नाही.

"पन्नासाच्या वर वर्षे झाली लग्नाला," आमची सौभाग्यवती झारा वर करून म्हणाली, "ह्यांना शीळ येते हे मला आज कळतंय! आणखी काय काय येतं ते एकदाच सांगून टाका."

मी हसून वेळ मारून नेली आणि डबा ठेवून बाहेर आलो. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने खुर्चीत बसून डोळे मिटले की घरचे समजतात, आजोबांना डुलकी लागली. मला डुलकी लागली नव्हती. मी हिशेब करीत होतो. ही शीळ मी शेवटची घातली ती न्यूयॉर्कमध्ये, 1966 सालच्या हिवाळ्यात. त्याला आता साठ वर्षे होत आली. त्यानंतर ती माझ्या ओठांवर का आली नाही, याचे कारण मला ठाऊक आहे. ते आजवर मी कोणाला सांगितलेले नाही. आज वाचकांना सांगतो. पण त्याआधी ते गाणे कोणाचे, ते सांगितले पाहिजे.

1965 सालच्या सप्टेंबरात मी शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेलो. ट्रंकेत मेतकुटाचा डबा, खिशात मोजके डॉलर आणि मनात भरपूर धास्ती. ग्रीनिच व्हिलेज नावाच्या भागात एक खोली दोघांत मिळाली. नाव 'व्हिलेज', म्हणजे खेडे. पण खेडे म्हणण्यासारखे तेथे काही असेल, तर एवढेच की गल्ल्या अरुंद नि वाकड्या होत्या आणि कोणी कोणाच्या भानगडीत पडल्यावाचून राहत नसे. बाकी सगळा पसारा कवींचा, चित्रकारांचा आणि गिटारवाल्यांचा. मॅकडूगल स्ट्रीटवर आणि ब्लीकर स्ट्रीटवर कॉफीची दुकाने दाटीने बसलेली. त्यांतल्या काहींत गाणाऱ्याला बिदागी नसे. गाणे झाले की टोपली फिरवीत. आपल्या कीर्तनात आरतीचे ताट फिरते, तसेच.

खोलीतला माझा जोडीदार मराठीच होता, मिरजेचा. त्याचे नाव येथे सांगत नाही. आम्ही त्याला मिरजकर म्हणत असू. मिरजेचा माणूस म्हटला की तंबोऱ्याच्या भोपळ्याशी त्याचे काही ना काही नाते निघतेच. त्याचे बालपण सतारमेकरांच्या गल्लीत खेळण्यात गेले होते. वाद्य दिसले की ते वाजते कसे हे पाहण्याआधी ते जोडले कसे हे तो पाही. अमेरिकेत येऊन तो शिकत होता यंत्रशास्त्र, पण त्याचे अर्धे मन रस्त्यावरच्या गिटारींत असे.

त्या वर्षी अमेरिकन गाण्यात मोठी उलथापालथ चालली होती. तोपर्यंत लोकगीत गाणारे एकीकडे आणि रॉक अँड रोलवाले दुसरीकडे, असा सोवळ्याओवळ्याचा मामला होता. लोकगीतवाल्यांच्या हातात साधी लाकडी गिटार. विजेची गिटार म्हणजे बाटगेपणा. 1965च्या जूनमध्ये बर्ड्‌स नावाच्या मंडळींनी बॉब डिलनचे एक गाणे विजेच्या गिटारीवर वाजवून पहिल्या क्रमांकावर नेले आणि जुलैत न्यूपोर्टच्या लोकगीत महोत्सवात खुद्द डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला. श्रोत्यांतून हुर्यो उठली. लोकगीत आणि रॉक यांचे हे लग्न घरच्यांना न विचारता लागले होते. साहजिकच दोन्ही घरची माणसे रुसली. पण लग्न टिकले. त्यालाच 'फोक रॉक' म्हणू लागले.

या नव्या घराण्यातले बहुतेक गायक गंभीर. जग बिघडले आहे आणि ते आपल्यालाच सांगायचे आहे, असा चेहरा. त्यांचे चूक होते असे नाही. व्हिएतनामचे युद्ध पेटत होते, आमच्या वर्गातली अमेरिकन पोरे सैन्यभरतीच्या पत्राच्या धाकात दिवस काढीत होती. अशा वातावरणात एके दिवशी मिरजकर जुन्या तबकड्यांच्या दुकानातून एक तबकडी घेऊन आला. आमचा रेकॉर्ड प्लेअर कोणीतरी टाकून दिलेला, त्यानेच उचलून आणून दुरुस्त केलेला. त्यावर ती तबकडी लागली आणि मी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिले. हा गाणारा माणूस चक्क खूश होता!

त्या मंडळींचे नाव 'लव्हिन स्पूनफुल'. मराठीत सांगायचे तर 'चमचाभर माया'. चौघे जण. जॉन सेबॅस्टियन हा गाणारा नि गाणी रचणारा. गोल काड्यांचा चष्मा, ओठांवर हसू. तो ग्रीनिच व्हिलेजमध्येच जन्मलेला. बाप तोंडाने वाजवायच्या बाजाचा, हार्मोनिकाचा, नाणावलेला वादक. दुसरा झाल यानोव्हस्की, कॅनडातल्या टोरांटोचा, एका व्यंगचित्रकाराचा मुलगा. गिटार वाजवता वाजवता अशी तोंडे करी की वाटावे, तमाशातला सोंगाड्याच अमेरिकेत जन्माला आला. जोडीला स्टीव्ह बून आणि ढोलताशांपाशी जो बटलर. सेबॅस्टियन आणि यानोव्हस्की यांची गाठ घालून दिली कॅस एलियट या गायिकेने. 1964च्या फेब्रुवारीत बीटल्स प्रथम अमेरिकन टेलिव्हिजनवर आले, त्या रात्री तिच्या घरी ही दोघे भेटली. सबंध देश टेलिव्हिजनकडे पाहत होता नि ही दोघे एकमेकांच्या गिटारीकडे.

1965च्या आरंभी ही मंडळी व्हिलेजमधल्या 'नाइट आउल' नावाच्या कॅफेत वाजवू लागली. मालकाने ऐकले आणि 'आधी जाऊन तालीम करा' म्हणून वाटेला लावले. मग जवळच्या अल्बर्ट हॉटेलच्या तळघरात, ओलीत नि झुरळांच्या संगतीत, त्यांनी तालीम केली आणि पुन्हा त्याच कॅफेत येऊन उभे राहिले. एका रात्री जेमतेम सोळा वर्षांची एक मुलगी त्यांच्या गाण्यावर नाचू लागली. तोवर तेथे येणारे श्रोते कॉफीचा पेला धरून विचारमग्न बसणारे. त्या मुलीला पाहून सेबॅस्टियनला वाटले की आता आपली माणसे आली. त्यातून त्यांचे पहिले गाजलेले गाणे झाले, 'डू यू बिलीव्ह इन मॅजिक'. गाण्यात जादू असते यावर तुमचा विश्वास आहे का, एवढेच ते विचारते. त्या गाण्यासह ओळीने सात तबकड्या अमेरिकेतल्या पहिल्या दहांत गेल्या.

त्या पहिल्या गाण्याच्या आरंभी काहीतरी झणझणते. ते काय, हे मला कळेना. पुढे एकदा घरमालकिणीच्या टेलिव्हिजनवर सेबॅस्टियन दिसला. एक चपटी तारांची पेटी त्याने छातीशी धरली होती. मिरजकर ताडकन उठला. "अरे, हे तर आपलं स्वरमंडळ!" तो ओरडला, "आणि या शहाण्यानं त्याला पट्ट्या बसवल्यात!" ती ऑटोहार्प. एक पट्टी दाबली की नको असलेल्या तारा मुक्या होतात आणि हव्या त्या सुरांचा मेळ तेवढा वाजतो. डोंगराळ मुलखातली अमेरिकन माणसे घरगुती गाण्यांना तिची साथ घेतात. आजीच्या कोनाड्यातले ते वाद्य या पोराने विजेला जोडून रॉकच्या मांडवात आणले होते.

पण त्यांचे खरे मूळ मिरजकरानेच शोधून काढले. एके दिवशी तो ग्रंथालयातून 'जग बँड'ची माहिती वाचून आला आणि रात्रभर तेच. 'जग' म्हणजे मातीची सुरई. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात लुइव्हिल आणि मेम्फिस या शहरांतले गरीब निग्रो वादक — त्या काळी त्यांना तसेच म्हणत, आज आपण कृष्णवर्णीय म्हणतो — सुरईच्या तोंडाशी ओठ नेऊन घुमवीत. तोच त्यांचा खर्ज. कपडे धुण्याची पन्हळी पाटी बोटांत अंगुस्ताने घालून खरवडायची, उलट्या टबाला काठी नि दोरी लावून ती छेडायची, आणि कंगव्याला कागद लावून त्यातून गायचे. कंगवा आणि कागद! वाचकहो, हे वाद्य आपण प्रत्येकाने लहानपणी वाजवले आहे आणि त्याबद्दल वडिलांचा मारही खाल्ला आहे.

त्या जुन्या वादकांपैकी एक गस कॅनन. त्याने 1929 साली ध्वनिमुद्रित केलेले एक गाणे 1963 साली दुसऱ्याच गोऱ्या मंडळींनी गाऊन पहिल्या क्रमांकावर नेले. तेव्हा हा म्हातारा मेम्फिसमध्ये होता. सांगतात की, थंडीत कोळसा घ्यायला त्याने आपला बॅन्जो गहाण टाकला होता. दुसरा मिसिसिपी जॉन हर्ट. त्याने 1928 साली काही गाणी मुद्रित केली आणि तो शेतीच्या कामाला परत गेला. पस्तीस वर्षांनी, एका गाण्यात त्याने आपल्या गावाचे नाव घेतले होते एवढ्या आधारावर चाहते त्याला शोधत गेले, आणि तो सापडला. ढोराची राखण करणाऱ्या त्या म्हाताऱ्याने गिटार हाती घेतली आणि इतके मऊ, इतके हसरे गाणे ऐकवले की न्यूपोर्टचे श्रोते विरघळले. त्याच्या एका कॉफीच्या गाण्यात 'चमचाभर माये'चा उल्लेख आहे. ते शब्द फ्रिट्झ रिचमंड नावाच्या एका सुरई-वादकाने सेबॅस्टियनला सुचवले आणि मंडळींचे बारसे झाले. सेबॅस्टियन स्वतः त्याआधी एका जग बँडमध्ये वाजवीत होता.

हे सारे ऐकल्यावर त्या गाण्यांतली मौज मला निराळी दिसू लागली. ज्यांच्याजवळ वाद्य घ्यायला पैसे नव्हते, त्यांनी सुरई फुंकली. रडायला कारणे पुष्कळ होती. त्यांनी ती गाण्यात आणलीही. पण शेजाऱ्याला नाचवल्यावाचून ते राहिले नाहीत. आपल्याकडे नाथांनी भारूड रचले ते काय निव्वळ हसवायला? आधी माणूस हसला पाहिजे, जवळ येऊन बसला पाहिजे, मग बाकीचे.

1966 साली आमच्या खोलीत या चौघांचेच राज्य होते. 'डेड्रीम' म्हणजे निव्वळ आळशीपणाचे गाणे. त्याच्या शेवटी सेबॅस्टियन शीळ घालतो. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीने त्यावरून स्फूर्ती घेऊन 'गुड डे सनशाइन' रचले, हे त्यानेच पुढे सांगितले. दुसऱ्या एका गाण्यात पोराचे कोणत्या मुलीवर मन बसले ते त्याचे त्यालाच ठरवता येत नाही, आणि शेवटी मुलीचा बाप येऊन 'घरी जा नि काय ते ठरव' म्हणून सुनावतो! आणखी एकात पावसात अडकलेली दोघे आडोशाला उभी आहेत, बस, एवढेच. तो पाऊस ऐकून मिरजकर खिडकीशी जाऊन बसे. मिरजेला लवकर जायचे नाही, हे त्याला ठाऊक होते.

त्या उन्हाळ्यात 'समर इन द सिटी' आले आणि ऑगस्टमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यात खऱ्या मोटारींचे भोंगे आहेत, रस्ता फोडणाऱ्या यंत्राची घरघर आहे. दिवसाचा ताप आणि रात्रीची मौज. मूळ कल्पना सेबॅस्टियनच्या धाकट्या भावाच्या एका कवितेतली. आमच्या पाचव्या मजल्यावर त्या उन्हाळ्यात भिंतीला पाठ टेकवत नसे. रात्री आम्ही आगीच्या वेळी उतरण्यासाठी बाहेरून बसवलेल्या लोखंडी जिन्यावर उशा टाकून पडत असू. गिरगावातल्या चाळीत गॅलरीत पथाऱ्या पडतात, तसे. खालून मोटारींचे भोंगे वाजत नि आतल्या तबकडीतूनही. खरे कोणते नि गाण्यातले कोणते, यावर आमच्या पैजा लागत. मिरजकर 'डेड्रीम'ची शीळ घाली. मी ती त्याच्याकडूनच शिकलो.

आता ते कारण.

आमची शिष्यवृत्ती अपुरी. परदेशी विद्यार्थ्याला परवानगीवाचून बाहेर नोकरी करण्याची बंदी होती. तरीही आम्ही दोघे रात्री एका खाणावळीत बशा विसळीत होतो. दोघेही, आठवड्यातले दिवस वाटून घेतले होते. 1966च्या डिसेंबरात मला एका कचेरीतून बोलावणे आले. टेबलापलीकडचा गृहस्थ रागावलेला नव्हता, हे मला अजून आठवते. तो शांतपणे म्हणाला, "या पत्त्यावर राहणारा एक भारतीय विद्यार्थी नोकरी करतो अशी खबर आहे. तो तुम्ही का?"

माझ्या डोळ्यांसमोर वडील उभे राहिले. त्यांनी काढलेले कर्ज उभे राहिले. गावात आधीच वाटलेले पेढे उभे राहिले. मी म्हणालो, "मी नव्हे." तो गृहस्थ गप्प राहिला. त्या गप्प बसण्यात त्याची काही चाल होती की नाही, कोण जाणे. मला ते सहन झाले नाही. मी मिरजकराचे नाव सांगितले.

कोणी माझे हात पिरगळले नव्हते. नुसती एक खुर्ची, एक टेबल आणि अर्ध्या मिनिटाची शांतता. तेवढ्याने काम भागले.

त्याची मुदत वाढवून मिळाली नाही. मार्चमध्ये त्याला परत जावे लागणार होते, पदवी हातात न पडता. त्याने मला एका शब्दाने काही विचारले नाही आणि मी काही सांगितले नाही. त्याच दिवसांत व्हिलेजमध्ये दुसरी एक बातमी पसरली. आदल्या वर्षी मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांनी यानोव्हस्की आणि बून यांना गांजा बाळगल्याबद्दल पकडले होते. यानोव्हस्की कॅनडाचा, त्याला देशाबाहेर काढण्याची, पुन्हा येऊ न देण्याची धमकी होती. त्या भीतीपोटी दोघांनी, गांजा कोणाकडून मिळाला ते पोलिसांना सांगितले. त्या माणसावर खटला झाला, आणि गोष्ट फुटली. मग काय, ज्या पोरांनी या मंडळींना डोक्यावर घेतले होते तीच त्यांच्या तबकड्यांवर बहिष्कार घाला म्हणू लागली.

एका संध्याकाळी आमच्या खोलीवर चारपाच मित्र जमले होते. विषय हाच. आणि त्या दिवशी सर्वांत मोठ्याने कोण बोलले असेल? मी! "असल्या विश्वासघातक्यांची गाणी ऐकायची तरी कशी?" मी म्हणालो, "यांची माया सगळी चमच्यापुरतीच!" या कोटीला हशाही मिळाला.

मिरजकर ट्रंक भरीत होता. मान वर न करता तो मराठीत म्हणाला, "भ्यालेला माणूस काय बोलेल त्याचा नेम नाही. त्यावरनं त्याचं गाणं खोटं ठरत नाही."

तो यानोव्हस्कीबद्दल बोलला की माझ्याबद्दल, हे मला तेव्हा कळले नाही. विचारायचे धैर्य झाले नाही. तो गेला. तबकड्या जड होतील म्हणून माझ्यापाशीच ठेवून गेला. त्या मी पुन्हा लावल्या नाहीत. माझी ट्रंक, माझे बिऱ्हाड, माझा देश बदलला. तबकड्या मात्र बांधल्या तशा बरोबर हिंडत राहिल्या.

दुःखी गाणे अपराधी माणसाला सोसते, किंबहुना आवडते. त्याच्या तोंडचे काळे त्यात मिसळून जाते. खुशीचे गाणे सोसत नाही. ते विचारते, 'येतोस ना?' आणि आपले पाऊल उचलत नाही. मी पुढे आयुष्यभर गंभीर संगीताचा भोक्ता म्हणून मिरवलो. लोकांना वाटले, माणूस रसिक आहे.

त्या चौघांचे पुढे काय झाले? यानोव्हस्की 1967 साली बाहेर पडला, सेबॅस्टियन 1968 साली. 1969च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या प्रचंड मेळ्यात सेबॅस्टियन नुसता श्रोता म्हणून गेला होता. पावसाने मंच भिजलेला. विजेची वाद्ये लावता येईनात. एकटा साध्या गिटारीवर गाईल असा कोणी हवा होता. म्हणून त्यालाच वर चढवले आणि उसन्या गिटारीवर त्याने ते चिखलातले लाखो लोक हसते ठेवले. यानोव्हस्की कॅनडाला परतला आणि काही वर्षांनी स्वयंपाकात शिरला. किंग्स्टन गावात दगडी बांधणीचा एक जुना तबेला दुरुस्त करून त्याने 1979 साली पत्नीसह उपाहारगृह काढले. नाव ठेवले 'शे पिगी'. फ्रेंच ऐट आणि डुकराचे पिल्लू एका पाटीवर! सोंगाड्या तो सोंगाड्याच. पुढे त्यांनी बेकरीही काढली. 2000 साली रॉक अँड रोलच्या मानाच्या दालनात चौघांना स्थान मिळाले तेव्हा ते पुन्हा एकत्र उभे राहिले. 2002च्या डिसेंबरात यानोव्हस्की वारला. अठ्ठावन्नावा वाढदिवस सहा दिवसांवर होता.

1998 साली मुलाकडे टोरांटोला गेलो असताना मी मुद्दाम त्या उपाहारगृहात जाऊन आलो. घरच्यांना सांगितले, गाव ऐतिहासिक आहे. मालक त्या दिवशी नव्हता. मी अंगणात बसून सूप मागवले. आजूबाजूला माणसे हसतखिदळत जेवत होती. ज्याची गाणी लोकांनी नाकारली, त्याने त्याच लोकांना जेवायला वाढले होते. मी हातातल्या चमच्याकडे पाहत राहिलो. मला कोणी नाकारले नव्हते, कारण माझी गोष्ट फुटलीच नव्हती. आणि मी कोणाला काही वाढलेही नव्हते.

मिरजकर या साऱ्या काळात मला दोनदा भेटला, दोन्ही वेळा लग्नात. जिलबी, गुडघे आणि हवापाणी यांवर बोललो. तो मिरजेलाच स्थायिक झाला होता. पंपांचा लहानसा कारखाना काढून त्याने तो चांगला चालवला.

परवा खुर्चीत बसल्या बसल्या हे सगळे आठवले. चकल्या तळून झाल्या होत्या. मी नातीला हाक मारली आणि मिरजेचा नंबर लावून द्यायला सांगितले. तिकडून आवाज आला; थकलेला, पण तोच. आता शब्द जुळवीत बसलो तर पुन्हा हवापाणी निघेल, हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, "1966 सालच्या डिसेंबरात कचेरीत तुझं नाव मी सांगितलं होतं."

तीच अर्ध्या मिनिटाची शांतता. या वेळी मी ती मोडली नाही.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्यांच्या कागदावर तुझं नाव मी तेव्हाच वाचलं होतं. फार राग आला होता. काही वर्षं राहिला."

"मग?"

"मग कारखान्यात माणसं ठेवली. भ्यालेली माणसं रोज बघितली." तो थोडा थांबला. "पण तुला हे सांगायला इतकी वर्षं लागली, याचा मात्र अजून राग आहे."

मी काही बोललो नाही. तो राग त्याचा हक्काचा होता.

"माझ्या तबकड्या आहेत का रे अजून? की विकून खाल्ल्यास?"

"आहेत."

"घेऊन ये मग. माझ्याकडे वाजवायचं यंत्र आहे, मीच दुरुस्त केलेलं. आणि येताना चकल्या आण. आमच्याकडे या वर्षी कडक झाल्यात, दातांना झेपत नाहीत."

भाऊबीज आटोपली की मी पहाटेच्या गाडीने मिरजेला निघणार आहे. तबकड्यांचे गाठोडे माळ्यावरून काढून पुसून ठेवले आहे. दोन तबकड्यांना बुरशी आली आहे, 'डेड्रीम'ची शाबूत आहे. सौभाग्यवतीने डबा भरून दिला आणि विचारले, "शीळ कुणी शिकवली ते सांगणार होता ना?"

"त्याच्याकडेच चाललोय," मी म्हणालो. "परत आलो की सगळं सांगतो."